शिकलेले हात



गाझियाबादच्या व्याख्यानमालेत भूसुरुंगांचा विषय कशासाठी, असं कोणाच्याही मनात येईल. इथे सीमा नाही की रणभूमी नाही. पण ३० सप्टेंबर २००४ रोजी याच शहरात, साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात स्फोट झाला आणि दहा कामगार ठार झाले. इराणहून आलेल्या लोखंडी भंगारात जिवंत तोफगोळे होते. पुढच्या काही दिवसांत देशातल्या इतर ठिकाणीही आयात भंगारात असेच गोळे निघाले, लष्कराला बोलवावं लागलं. नंतर नियम कडक झाले. तुकडे न केलेलं भंगार आणायचं तर ते जहाजात चढण्याआधी तपासल्याचं प्रमाणपत्र लागू लागलं.

कागदावरची ही सुधारणा गरजेचीच होती. मात्र त्या ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला गंजलेला पाइप कोणता आणि गोळा कोणता, हे कोणी शिकवलं होतं का? युद्ध संपल्यावर जमिनीत आणि ढिगाऱ्यात जे उरतं, त्याला बहुतेक वेळा पहिला हात लागतो तो शेतकऱ्याचा, गुराख्याचा, भंगारवाल्याचा. हे काम शिकवता येतं, फार मोठं शिक्षण नसलेल्या माणसालाही नीट शिकवता येतं. तरीही आपल्याकडे ही विद्या छावणीच्या फाटकाबाहेर फारशी येत नाही. आज मला बोलायचं आहे ते याबद्दल.

मी लष्कराच्या अभियंता दलातला. दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंग आणि खडकीचं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र ही नावं पुणेकरांना परिचयाची आहेत. सुरुंग पेरायला आणि काढायला शिकवण्याची परंपरा तिथे जुनी आहे. पण लष्करी सुरुंगकाम आणि मानवतावादी सुरुंगनिर्मूलन यांत मूलभूत फरक आहे. लढाईत रणगाडे पुढे न्यायला एक वाट मोकळी करायची असते, लवकरात लवकर, थोडा धोका पत्करून. वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरुंग तसेच राहिले तरी चालतं. मानवतावादी कामात घाई नसते, पण ठरलेल्या खोलीपर्यंत एकही सुरुंग मागे ठेवायचा नसतो. कारण उद्या त्या जमिनीत कोणीतरी नांगर घालणार आहे, मुलं खेळणार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेली सुरुंगनिर्मूलनाची आंतरराष्ट्रीय मानकं याच एका आग्रहावर उभी आहेत.

आता प्रशिक्षणाचं मैदान पाहू. मीटरभर रुंदीचा पट्टा आखलेला असतो. शिकणारा गुडघे टेकून बसतो, अंगात जाड संरक्षक जाकीट, तोंडावर पारदर्शक ढाल. समोर जमिनीवर रंगवलेली काठी आडवी ठेवलेली असते. काठीच्या अलीकडची जमीन तपासलेली, पलीकडची नाही. गुडघा काठीपलीकडे गेला की शिक्षक काम थांबवतो. आधी नुसतं डोळ्यांनी पाहायचं. मग बारीक तारेने हलकेच चाचपायचं, गवतात ट्रिपवायर ताणलेली नाही ना? मग गवत थोडं थोडं कापून बाजूला ठेवायचं, आणि त्यानंतर धातुशोधक फिरवायचा. तो वाजला की आवाज नेमका कुठून सुरू होतो ते पाहून खूण करायची आणि खुणेच्या बरंच अलीकडून, बाजूने खणत जायचं. सळई टोचायची ती साधारण तीस अंशांच्या कोनात. दाबाने फुटणाऱ्या सुरुंगाची चकती वर असते. सरळ वरून टोचलं तर चकतीवर दाब येतो, तिरकं टोचलं तर सळई सुरुंगाच्या कुशीला लागते. एवढ्या एका कोनावर माणसाची बोटं आणि डोळे अवलंबून असतात.

सुरुंग सापडला तर तो उचलायचा नाही. शिकणाऱ्याने मागे यायचं आणि वरिष्ठाला कळवायचं. बहुतेक वेळा तो जागच्या जागी उडवला जातो. पण दिवसभरात निघतात ते खिळे, काडतुसांची टरफलं, पत्र्याचे तुकडे. माणसाची खरी परीक्षा तिथे होते. शंभरावा खिळाही पहिल्यासारखाच सावकाश काढायचा असतो. धाडसी म्हणवणारी मुलं इथे गळतात आणि विणकाम करणाऱ्या बायका टिकतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. उत्तर श्रीलंकेत युद्धात नवरा गमावलेल्या कितीतरी स्त्रिया हेच काम शिकल्या आणि त्याच पगारावर त्यांनी घर चालवलं.

श्रीलंकेत आपलीही माणसं होती. ‘हॉरायझन’ आणि ‘सर्वत्र’ या भारतीय संस्थांतून निवृत्त सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंता दलातली माणसं, तिथे गेले, आणि २००९ मध्ये युद्ध संपल्यावर विस्थापितांना गावी परतता यावं म्हणून भारत सरकारने अशा पथकांचा खर्च उचलला. त्याआधी १९९२-९३ मध्ये कंबोडियात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत गेलेल्या आपल्या अभियंत्यांनी तिथल्या लोकांना सुरुंग काढायला शिकवलं. ही आपली कमाई आहे आणि मला तिचा अभिमान आहे. व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारावर भारताने सही केलेली नाही, ही गोष्टही इथे लपवायला नको. मात्र सुरुंगांवर मर्यादा घालणारा दुसरा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल आपण मान्य केला आहे. त्यानुसार व्यक्तिविरोधी सुरुंग किमान आठ ग्रॅम लोखंडाइतका तरी धातुशोधकाला जाणवला पाहिजे. प्लॅस्टिकचा, जवळजवळ धातूच नसलेला सुरुंग शोधताना काय होतं, हे ज्याने अनुभवलं त्याला या आठ ग्रॅमची किंमत कळते.

इथे तरुण मंडळी बसली आहेत, तेव्हा नोकरीविषयीही बोलतो. सुरुंग काढणाऱ्याचं मूलभूत प्रशिक्षण काही आठवड्यांचं असतं. पुढची वाट स्फोटकं निकामी करण्याच्या चढत्या पायऱ्यांची. पहिल्या पायरीवरचा माणूस सापडलेली एक-एक वस्तू जागेवर नष्ट करू शकतो. ती हलवणं सुरक्षित आहे का, हा निर्णय दुसऱ्या पायरीवर येतो. तिसऱ्या पायरीवरचे लोक मोठ्या दारूगोळ्याला हात घालतात. तिथवर पोचायला प्रमाणपत्र पुरत नाही, वर्षं मोजावी लागतात. पण जमिनीत हात न घालणाऱ्यांचीही या क्षेत्रात मोठी गरज आहे. कोणत्या वाटेने गुरं जात नाहीत, कोणतं शेत पडीक आहे आणि का, हे गावकऱ्यांशी बोलून काढणारे सर्वेक्षक लागतात. नकाशे आणि माहितीसाठे सांभाळणारे लागतात. शाळाशाळांतून मुलांना सावध करणारे शिक्षक लागतात, कुत्र्यांचे प्रशिक्षक लागतात. जखमेवर टुर्निके आवळून रक्त थांबवणारा वैद्यकीय सहायक आणि उभी रुग्णवाहिका यांच्याशिवाय तर त्या दिवशी काम सुरूच करायचं नसतं. भूगोल शिकलेल्या मुलीला आणि परिचारिकेला इथे सारखाच वाव आहे.

घरच्यांनाही सांगतो. चांगल्या संस्थेत जाताना पगाराआधी विमा विचारा, प्रशिक्षण किती दिवसांचं ते विचारा, आणि सर्वात जवळचं शस्त्रक्रियेचं रुग्णालय किती अंतरावर आहे तेही विचारा. या प्रश्नांची उत्तरं चटकन मिळाली नाहीत तर मुलाला पाठवू नका.

आता मला सर्वात जास्त सलते ती गोष्ट. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि ती विझवायला गेलेले अधिकारी आणि अग्निशमनाचे जवान गेले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, ते योग्यच झालं. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच परिसरात, सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा माणसं गेली, आणखी कितीतरी जखमी झाली. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. पेट्या उतरवायच्या आणि खड्ड्यापर्यंत न्यायच्या, एवढंच त्यांचं काम. कापूस-सोयाबीनच्या शेतात राबणारी, चार पैसे जास्त मिळतात म्हणून आलेली ती माणसं होती.

उत्तर श्रीलंकेतल्या बाईला जो पट्टा, जी काठी, जी ढाल मिळते, ती आपल्या विदर्भातल्या मजुराला का मिळू नये? विद्येची आपल्याकडे कमतरता नाही. पुण्याला दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेने बॉम्ब हाताळणारा ‘दक्ष’ हा यंत्रमानव बनवला. सॅपर्स शिकवून तयार करणाऱ्या संस्था पुण्यातच आहेत. तिथून निवृत्त झालेले सुभेदार आणि हवालदार चाळिशी-पन्नाशीत घरी येतात आणि सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. त्यांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांची विद्या असते. दारूगोळा वाहणाऱ्या प्रत्येक कंत्राटी मजुराला अशा माणसाकडून काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. पेटी कशी धरायची, ती निसटली तर काय करायचं, किती माणसांनी एका वेळी खड्ड्याजवळ जायचं, बाकीच्यांनी किती लांब थांबायचं. प्रशिक्षण न झालेला मजूर मैदानावर आणणाऱ्या ठेकेदाराचं बिल अडवता येईल. ही अट निविदेत लिहायला नवा कायदा लागत नाही, ती पुढच्याच निविदेत लिहिता येते.