शिक्षकांची सुट्टी कधी होते?

(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे ‘ऑन-कॉल’ नावाची पद्धत असते. रात्री सर्व्हर बंद पडला तर कुणाला उठवायचं, हे पाळीने ठरलेलं असतं. ज्याची पाळी नाही, त्याला झोपू देतात. यात दयामाया काही नाही. थकलेला माणूस चुका करतो आणि त्या निस्तरणं महाग पडतं, एवढाच हिशेब.

आज सकाळपासून इथल्या शिक्षकांशी बोलतेय. ही मंडळी बारा महिने ऑन-कॉल आहेत, आणि पाळी बदलतच नाही! रात्री दहाला पालकांचा ग्रुप वाजतो, “बाई, उद्या स्वाध्याय कुठला?” त्यावर ‘माहिती आजच भरा’ हा निरोप. यू-डायस, सरल, पोषण आहाराची नोंद. दिवसा साइट चालत नाही म्हणून जेवणं उरकून बसायचं. (साइट का चालत नाही, यावर आमच्या व्यवसायातल्यांनी बोलावं असं बरंच आहे, ते पुन्हा कधी.) शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. पण २००९ साली तो कायदा झाला, तेव्हा हे ग्रुप कुठे होते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांचा अभ्यास याच विषयावर आहे. २००७ मध्ये त्यांनी शार्लट फ्रिट्झ यांच्यासह कामाचा शीण उतरवणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: मनाने कामातून सुटणं, निवांत होणं, नवं काही शिकणं आणि मोकळ्या वेळावर स्वतःचा ताबा असणं. पहिली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देह घरी आणि डोकं शाळेत, याला विश्रांती म्हणत नाहीत. त्यातही ज्याच्यावर ताण जास्त, त्यालाच असं सुटणं अवघड जातं. म्हणून “सर, प्राणायाम करा” हा सल्ला मला अपुरा वाटतो. ओझं उतरवायचं सोडून पाठ बळकट करायला सांगण्यासारखं आहे ते.

“बाई, समजलं नाही,” असं चौथ्यांदा म्हणणाऱ्या मुलाला तितक्याच शांतपणे पुन्हा सांगायला जो धीर लागतो, तो आदल्या रात्री कमावलेला असतो. आपल्यातल्या कित्येकांनी तो धीर पाहिलाय. मी तर गणितात त्याच्याच जोरावर पास झाले.

आता निधीबद्दल. आपल्या बॅचच्या पैशातून डिजिटल फळे घ्यायचं जवळपास ठरलंय. माझा विरोध आहे, स्पष्टच सांगते. फळ्यावर आपली नावं झळकतील, पण त्याचीही माहिती कुणीतरी रात्री भरेल. त्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या हाताखाली माहिती भरायला एक अर्धवेळ माणूस ठेवू, दोन वर्षांसाठी. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर फक्त तातडीचे निरोप, हे शाळेने ठरवावं; आपल्यातले जे इथे पालक आहेत त्यांनी आधी पाळावं.

त्या माणसाला पहिले सहा महिने दर शनिवारी ऑनलाइन शिकवायची जबाबदारी माझी. खर्चाचा तक्ता करून आणलाय, जेवणानंतर दाखवते.