काकडं फुकट मिळतात



मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी जूनच्या सुरुवातीला स्टेशनबाहेर शेवळं विकायला बसलेली बाई नक्की पाहिली असेल. पहिला पाऊस पडला की शेवळांचे कोंब जमिनीतून वर येतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. ही बाई पहाटेच्या गाडीने येते, फडकं पसरते, त्यावर जुड्या मांडते. आपण जुडी घेतली की टोपलीच्या कोपऱ्यातून मूठभर हिरवी, आवळ्यासारखी दिसणारी काकडं काढते आणि न विचारता पिशवीत टाकते. मी एकदा विचारलं, "याचे किती झाले?" ती हसली. म्हणाली, "त्याचे कसले पैसे? ती नाही घातलीत तर घसा धरंल."

शेवळ खाजरं असतं. आतला पिवळा भाग खुडून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, चांगलं परतायचं, आणि काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा. मगच ते पोटात घालायच्या लायकीचं होतं. आमच्याकडे सीकेपी घरांत शेवळांचं कोण कौतुक! पाककृतीच्या पुस्तकांत ती आली, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आली. पण रानातल्या शेकडो कोंबांपैकी हा खायचा, यातलं हे टाकायचं आणि त्यावर उतारा म्हणून त्या तिकडच्या झाडाचं फळ घालायचं, हे कुणी तरी शोधून काढलं असणार. शोधताना आपला घसा खाजवून घेतला असणार. ते ज्ञान आपल्याला जुडीबरोबर वरताव्यात मिळतं. पैसे फक्त जुडीचे.

9 ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. 1982 साली जिनिव्हात मूळनिवासी लोकांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक या तारखेला भरली होती, म्हणून 1994 मध्ये हा दिवस ठरला. 2022 साली या दिवसाचा विषय होता, पारंपरिक ज्ञान जपण्यात आणि पुढच्या पिढीला देण्यात आदिवासी स्त्रियांचा वाटा. आपल्याकडे याच सुमाराला ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. मंडप असतो, फीत असते, पाहुणे असतात. भाज्या आणणाऱ्या बाया टेबलांच्या मागे उभ्या असतात. फोटोत भाजी आणि पाहुणे येतात. असो.

मला आज तुम्हाला एका शब्दापाशी न्यायचं आहे. शब्द आहे धवलेरी.

वारली समाजात लग्न लावणारी बाई, ती धवलेरी. भगत असतो, त्याचं काम वेगळं. पण लग्न लागायचं ते धवलेरीच्या गाण्यांनी. देवांना बोलवायचं तिने, नवरानवरीच्या भोवतीचे विधी करायचे तिने. तिच्यापाशी पोथी नाही, पंचांग नाही. सगळं तोंडपाठ, आणि तेही रात्रभर पुरेल एवढं. अक्षता आणि मंगलाष्टकांच्या लग्नांत वाढलेल्या आपल्याला बाईने लग्न लावणं ही अलीकडची सुधारणा वाटते. शहरात एखादी स्त्री पुरोहित लग्न लावते तेव्हा त्याची बातमी होते. डहाणू, जव्हार, तलासरीच्या पाड्यांवर ती कधीची रुळलेली रीत आहे, आणि तिची बातमी कधी झाली नाही.

आता या शब्दाची गंमत बघा. आगरी-कोळी लग्नांत गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आणि मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिच्या रचनेचं नाव काय? धवळे. रुक्मिणीच्या लग्नाची गाणी ती. मराठी साहित्याच्या इतिहासात स्त्रीच्या लेखणीचं पान उघडतं ते लग्नगीताने. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. तसेच धवळे गाणारी बाई आजही डोंगरापलीकडे उभी आहे, तिच्याबद्दल मात्र परीक्षेत प्रश्न येत नाही. महदंबेचं लिहिलं गेलं, हिचं गायलं गेलं, एवढाच काय तो फरक.

मी काही वर्षं जव्हारकडे शिकवायला होते. वैशाखातल्या एका लग्नाला बोलावणं होतं, म्हणून आदल्या दिवशीच गेले. घरात अंधार. कुडाची भिंत नुकतीच शेणाने सारवलेली, वर गेरूचा हात. एका वाडग्यात तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. चौघीजणी भिंतीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीने बांबूची काडी टोकाला दाताने चावून चावून तिचा कुंचला केला, पिठात बुडवला आणि भिंतीवर रेघ ओढली. पट्टी नाही, दोरी नाही. चौकट एका झटक्यात सरळ आली. मग चौकटीच्या आत आणखी चौकट, साखळ्या, नागमोडी पट्टे, आणि मधोमध पालघट देवी. बाहेर सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडं. काढताना त्यांच्या गप्पा चाललेल्या, मधूनच गाणं, मधूनच कुणाच्या तरी सासूवर हसणं. एकीचं पोर पाठीला लोंबकळत होतं, तिची काडी काही हलली नाही.

मी त्या वडीलधाऱ्या बाईला म्हटलं, "मावशी, खाली नाव नाही घालत?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आले आहे. "चौक देवीचा," ती म्हणाली, आणि पुढची साखळी काढायला लागली.

हा चौक काढला नाही तर लग्न लागत नाही. आणि तो काढायचा मान सवाशिणींचा. आज ज्याला आपण वारली चित्रकला म्हणतो, जी पिशव्यांवर, कपांवर, सोसायटीच्या फाटकांवर आणि लग्नपत्रिकांवर छापलेली असते, तिचं मूळ या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर आणि या बायांच्या हातात आहे. 1970 च्या आसपास चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि ही कला भिंतीवरून उतरली. त्यातून डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोचले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे थोर कलावंत होते, यात शंका नाही. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं बघत उभं राहिलं की वेळेचं भान उरत नाही. बायकांचं काम समजल्या जाणाऱ्या गोष्टीला पुरुषाने हात घालायचा, यालाही त्या काळी धाडस लागलं असणार. पण कागदाबरोबर सही आली, सहीबरोबर बाजार आला, प्रदर्शनं आली, प्रवास आले. त्या प्रवासाला घरदार, गाई-गुरं, पोरं सोडून निघणं कुणाला सोपं होतं, हे वेगळं सांगायला नको. भिंतीवर जे काम बाईचं होतं, ते कागदावर येताना बरंचसं पुरुषाचं झालं. यात कुणा एकाचा दोष काढता येणार नाही. पण घडलं ते असं.

त्याच चौकापुढच्या लग्नाचा एक काळा भागही सांगायला हवा. स्वातंत्र्यापूर्वी वारली माणूस लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडायला नवरानवरी दोघंही त्याच्या दारात राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज नवऱ्याने काढलेलं, गुलामी बायकोच्याही माथी. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली उठले आणि त्यांनी ही वेठ झुगारली. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

आता डोंगर ओलांडून अकोले तालुक्यात येऊ. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक आहेत. महादेव कोळी समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. घरातलं नातवंड सारखं आजारी पडतं, हे पाहून त्यांना वाटलं की आपल्या ताटातच काही तरी बिघडलंय. संकरित बियाणं आलं, त्यामागे खतं आली, फवारण्या आल्या, आणि जुनं वाण घरातून गेलं. त्यांनी ते जुनं वाण शोधून गोळा करायला सुरुवात केली. वाल, घेवडे, काळभात, पालेभाज्या. बी वाळवायचं, राख लावायची, मडक्यात भरायचं, तोंड बंद करायचं. पुढे 'बायफ' ही संस्था सोबतीला आली, बियाणं बँक उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

राहीबाईंचं कौतुक करताना आपण एक चूक करतो. त्या जणू एकट्याच आहेत असं बोलतो. राख लावून बी ठेवणं ही त्या डोंगरात घरोघरीच्या आज्यांची रीत होती. राहीबाईंनी ती सोडली नाही, आणि इतरांच्या गाडग्यांतलं शेवटचं मूठभर बी मागून आणलं. मागितल्यावर ते देणाऱ्या बायाही होत्या ना? बँकेत पहिली ठेव ठेवणारा माणूस असतो, तशा या बी देणाऱ्या. राहीबाईंच्या भाषणातही "मी" पेक्षा "आम्ही बाया" जास्त ऐकू येतं.

लेखणी हाती घेतलेल्याही आहेत. नंदुरबारकडच्या नजुबाई गावितांची 'तृष्णा', गोंडी आणि मराठीत लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांची कविता. गावच्या ग्रंथालयात ही पुस्तकं आहेत का, एकदा विचारून पाहा. नसतील तर मागणी नोंदवा.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींची संख्या 1 कोटी 5 लाखांच्या घरात होती. त्यात निम्म्या बाया. एवढ्या सगळ्यांना पुरस्कार देता येणार नाहीत, आणि शाल-श्रीफळाची त्यांना फार गरज आहे असंही मला वाटत नाही. त्यांचा एक हक्क कायद्याने आधीच मान्य केलाय. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित कुटुंबाला मिळणारा जमिनीचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे असायला हवा. जिथे कुटुंबप्रमुख एकटी बाई आहे, तिथे तिच्या एकटीच्या नावे. नियमही तसेच आहेत. ग्रामसभेच्या गणसंख्येत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, वनहक्क समितीतही तेवढ्याच. कागद उत्तम आहे. तुमच्यापैकी कुणी तलाठी असेल, ग्रामसेवक असेल, शिक्षक असेल, तर पाड्यावर गेल्यावर पट्टा बघायला मागा. दुसऱ्या ओळीत बाईचं नाव आहे का, आणि ते नीट लिहिलंय का, एवढंच पाहा. "अमक्याची बायको" असं नको. तिचं नाव.

आणि तुम्ही यातले कुणीच नसाल, तर तुमच्यासाठी लहानसं काम आहे. वारली चित्राची लग्नपत्रिका छापणार असाल, तर ते इंटरनेटवरून उचलू नका. डहाणू-जव्हारच्या एखाद्या चित्रकर्तीकडून काढून घ्या, मोबदला द्या आणि पत्रिकेवर तिचं नाव छापा.

पुढच्या जूनमध्ये शेवळं घ्याल, तेव्हा काकडांचे पैसे वेगळे द्या. ती नको म्हणेल. तरी द्या.