अभंगाचा सातबारा कुणाच्या नावावर?

दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला म्हणाले, पण आम्ही मोबाईलवर बोलणार आहोत. हसू नका.

आपले थोरले विणेकरी गेले. लोणंदच्या मुक्कामी त्यांनी म्हटलेला रूपाचा अभंग पोरांनी मोबाईलमध्ये धरला, तेवढाच त्यांचा आवाज मागे राहिला. नातवाने तो व्हिडिओच्या साइटवर टाकला. मोबाईल पुढे चंद्रभागेत पडला. आणि साइटवरून नोटीस आली, हे गाणं अमक्या कंपनीच्या मालकीचं, म्हणून बंद! आम्ही म्हटलं, तुकोबाराय वैकुंठाला जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली, त्यांच्या अभंगाच्या सातबाऱ्यावर ही कंपनी कधी चढली?

नातवाने उलगडून सांगितलं. तिथे माणूस ऐकत नाही, यंत्र ऐकतं. कंपन्या आपल्या रेकॉर्डी यंत्राकडे देऊन ठेवतात. यंत्र जणू त्यांचा अंगठा घेतं आणि नव्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून बघतं. आता परंपरेची चाल सगळ्यांची एकच, ती जुळणारच की! 2018 साली ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराच्या दहा तासांच्या व्हिडिओवर पाच दावे लागले. त्यात होतं काय? नुसता खरखराट, रेडिओला स्टेशन लागलं नाही की येतो तसा.

आपला कायदा 1957 चा. कवी गेल्यावर 60 वर्षं हक्क, पुढे ते शब्द सगळ्यांचे. गायकाच्या रेकॉर्डीचा हक्क मात्र निराळा, ती प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. आमच्याच पोरांनी एकदा एका गायकाची कॅसेट जशीच्या तशी उचलून वर दिंडीचं नाव घातलं होतं. तो दावा खरा होता, आम्ही गुमान काढून टाकलं.

हा मात्र खोटा. हरकत घेतली. कंपनीला 30 दिवसांची मुदत असते. शेवटी उत्तर आलं, आमचंच आहे. पोरं भ्याली. पुढे अपील करावं आणि कंपनीने व्हिडिओ काढायची नोटीस दिली, तर चॅनलवर स्ट्राइक बसतो. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनलच जातं, आपल्या सगळ्या वाऱ्या त्यात. "जाऊ द्या आबा," म्हणाली. याच भ्यानं लोक सोडून देतात. पण बांध कोरणाऱ्यापुढे एकदा गप्प बसलं, की दुसऱ्या साली तो आणखी एक तास आत घेतो. अपील केलं. सात दिवसांची मुदत. विणेकऱ्यांच्या घरच्या माई रोज विचारायच्या, आवाज आला का?

कंपनीचं उत्तर आलंच नाही, दावा सुटला. आम्ही माईंच्या ओसरीवर बसून लावून दिला. त्या काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्याला लावला. आता तो आवाज तीन मोबाईलमध्ये आहे, आणि एक पेनड्राइव्ह विण्याच्या पेटीत ठेवलाय.