दुःखात देव कोठे असतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘दुःख आणि देव’ या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी काही प्रवचनकार नाही. आपल्यासारखीच संसारी बाई आहे. म्हणून वेदान्तात न शिरता, आपल्या संतांना दुःखात देव कसा भेटला, तेवढेच यथामती सांगते.

दुःख आले की पहिला प्रश्न मनात येतो, ‘हे माझ्याच वाट्याला का?’ माझे यजमान दोन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होते. त्या दिवसांत भेटायला येणारी माणसे या प्रश्नाची उत्तरे घेऊन येत. कोणी पूर्वजन्मीचे संचित म्हणे, कोणी राहून गेलेला कुळाचार काढी, कोणी म्हणे देव परीक्षा पाहतो आहे. सगळ्यांचा हेतू चांगलाच असे. पण ती उठून गेली की घर अधिकच ओके वाटे. त्या जागरणांत मी संतांचे अभंग वाचू लागले, आणि हळूहळू उमगले की त्यांचा देव कारणे सांगत बसत नाही. तो सोबतीला येतो.

जनाबाईचेच पाहा. गंगाखेडची ही पोर लहानपणी पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर दासी म्हणून राबली. तिच्या अभंगांतला विठोबा तिचे कष्ट नाहीसे करीत नाही. तो तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, शेण्या वेचतो, तिची वेणीसुद्धा घालतो. दळण होते तेवढेच राहिले. फक्त जात्यापाशी ती एकटी राहिली नाही.

तुकाराम महाराजांवर १६३० च्या सुमारास दुष्काळ कोसळला. व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी आपल्या अभंगात लाज न धरता सांगितले आहे. पुढे त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ सावरायला घेतले आणि कीर्तन करू लागले. पण म्हणून ते देवाशी नेहमी गोडच बोलले असे नाही. ते त्याच्यावर रुसले, चिडले, कडाकडा भांडले. तेव्हा बायांनो, दुःखात रडू फुटले, देवाचा राग आला, तर आपली भक्ती कमी पडली असे कोणी मनात आणू नये. भांडण जवळच्याशीच होते.

आता संत बहिणाबाई. जन्म १६२८ चा, देहावसान १७०० साली. तुकोबांच्या अभंगांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याने तिला मारझोड केली, आणि ते तिने स्वतःच आपल्या अभंगांत लिहून ठेवले. त्या यातनांत तिला आधार मिळाला तो विठ्ठलाचा आणि तुकोबांच्या शब्दांचा. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेच पाहिजे. देव जवळ आहे याचा अर्थ मार सोसत राहावा असा नव्हे. आज आपल्यासाठी घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, मदतीसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि हे मंडळही आहे. अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईला ‘नामस्मरण कर’ म्हणून परत त्याच घरी धाडणे, हे पुण्यकर्म खासच नव्हे.

मग देवाची सोबत आपल्याला कशी कळावी? मला तर ती पुष्कळदा माणसांच्या हातांतूनच कळली. म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने एकच विनंती करते. दुःखाच्या घरी जाताना कारणे नेऊ नका, डबा न्या. आजाऱ्यापाशी तासभर बसा, म्हणजे त्या घरच्या बाईला अंघोळ करून चार घास निवांत खाता येतील. तिला बोलायचे असेल तर ऐका. नसेल तर मुकाट्याने भाजी निवडू लागा. आणि तेराव्यानंतर, जेव्हा येणेजाणे थांबते, तेव्हा आवर्जून जा. विठोबा जनीकडे दळायला आला, ही गोष्ट आपण इतक्या प्रेमाने गातो. त्या घरची बाई ती खरी मानील की नाही, हे थोडे आपल्यावरही आहे.