तीन दुनळ्या आणि एक निर्णय

शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली. माझ्याकडे तीन जुन्या दुनळ्या होत्या. कुठली जमा करायची?

थोडं मागे जाऊ. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की आधी रंजक भडकायची, मग बार उडायचा. तेवढ्यात पक्षी सावध व्हायचा. स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ स्वतः शिकारी. त्यांनी ठोक्यानं पेटणारी दारू वापरली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तरी बंदूक तोंडाकडूनच ठासावी लागे. १८३०च्या दशकात पॅरिसच्या लफोशोनं नळी खाली मोडणारी बंदूक आणि बाजूला काडी असलेलं काडतूस आणलं. १८५१च्या लंडन प्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी ती पाहिली. माझी पहिली दुनळी त्या जातीची.

दुसरी आजोबांची. घोडे बाहेर, नळ्या डमास्कसच्या: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेल्या. तरुण कॅप्टन असताना सुट्टीवर मी तिच्यात आजचं काडतूस भरलं होतं. गावच्या म्हाताऱ्या बंदूक-कारागिरानं माझं मनगट धरलं. ‘बाळ, आधी ते काढ.’

मग त्यानं समजावलं. कोठी अडीच इंचांची, काडतूस पावणेतीनचं. दुमडलेलं असतं म्हणून आत शिरतं, पण उडताना उलगडायला जागा नसते, दाब वाढतो. त्यात नळ्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या, आतून गंजलेल्या. त्या दिवशी माझा डावा हात वाचला.

तिसरी दुनळी ॲन्सन आणि डीली यांच्या १८७५च्या रचनेची. नळी मोडली की आतले घोडे आपोआप चढतात. भाग मोजके, काम चोख. तिघींत सर्वांत किमती आणि वापरण्याजोगी हीच.

मी तीच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. मित्रांनी वेड्यात काढलं. पण त्या रचनेच्या बंदुका आजही बनतात. ती कुणाच्या तरी हातात चालत राहील. पहिल्या दोघींची विद्या मात्र आता कपाटातच उरली आहे. शिवाय आजोबांची बंदूक कोण देणार?

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर आधी परवाना वारसाच्या नावावर करून घ्या. नळीवरचे चाचणीचे शिक्के जाणकाराला दाखवा. तोवर काडतूस भरू नका. मनगट धरणारा माणूस प्रत्येक वेळी शेजारी नसतो.

जय हिंद.