जिल्हा नव्हे, खेडे मोजा
(बुलढाणा जिल्ह्याच्या कारभारासंबंधी गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मी काही शिकलेला वक्ता नव्हे. प्राथमिक शाळा संपली नि रिंग खात्यात लागलो. चूकभूल पदरात घ्या. आज बुलढाणा जिल्ह्याविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, गिरणीवाल्याला बुलढाण्याचं काय? अहो, आपण सूत काढतो त्याचा कापूस येतो कुठून? खामगाव, मलकापूर, नांदुरा ही कापसाच्या बाजाराची गावे. तिथला कापूस जिनात जातो, त्याची गाठ बांधतात, ती गाठ आपण फोडतो. गाठीचा आणि आपला संबंध आहे, मग ती पिकवणाऱ्याचा नि आपला नाही काय?

आधी जिल्हा समजून घ्या. तिथली माणसे जिल्ह्याचे दोन भाग सांगतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार आणि जिजाऊंचे सिंदखेडराजा. घाटाखाली पूर्णेचे खोरे, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद. तालुके १३. २०११ च्या मोजणीत माणसे २५,८६,२५८. शंभरातली जवळजवळ ऐंशी खेड्यात राहणारी. म्हणजे कारभार कसा आहे हे पाहायचे तर कलेक्टर कचेरीत नाही, तलाठ्याच्या ओट्यावर पाहावे लागते.

हा जिल्हा कोणाच्या ताब्यात राहिला ते ऐका. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १९०३ साली इंग्रजांनी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. १९०५ साली खामगाव नि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यात घातले. यात खेड्यातल्या माणसाला कुणी विचारलं? कुणी नाही! गुरांचा बाजार बरा, तिथे निदान दात तरी बघतात.

स्वातंत्र्य आले. १९५० साली मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूर. जिल्हे २२. त्यांतले मराठी ८, बाकीचे १४ हिंदी म्हणून धरलेले. हिशेब तुम्हीच करा. वऱ्हाडच्या कचेऱ्यांत मराठी नव्हती असे खोटे मी सांगणार नाही. मराठी होती. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा झाल्या. पण मतांची वेळ आली की ८ कुठे आणि १४ कुठे! १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १०६ हुतात्म्यांचे रक्त सांडल्यावर १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्या लढ्यात मुंबईचा गिरणी कामगार सर्वांत पुढे होता. ही आपली पुण्याई आहे.

पण बंधूंनो, ते १४ जिल्हे हिंदी होते म्हणजे काय? बस्तरात गोंडी नि हळबी, रायपूर-बिलासपुराकडे छत्तीसगढी, निमाडात निमाडी. ठप्पा मात्र एकच. आपण गाठीवरचा ठप्पा वाचून थांबतो काय? गाठ फोडल्यावर कळते आत कोणता कापूस आहे. जिल्ह्याचेही तसेच. जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. २००३ साली तो खंडव्यातून वेगळा झाला. कागदावर हिंदी जिल्हा. पण जाऊन पाहा, तिथे कितीतरी घरांत मराठी बोलतात. माग चालवणारे आपल्यासारखेच कामगार तिथे आहेत. डोंगर आडवा आला म्हणून त्यांची आई बदलली नाही.

म्हणून सीमाप्रश्नात आपण काय मागत आलो? खेडे हा घटक, सलग प्रदेश, भाषेची बहुसंख्या आणि लोकेच्छा. जिल्हा मोजला की माणूस झाकतो, खेडे मोजले की दिसतो.

आता कडू बोलतो. हेच माप आपल्या घरात लावायचे की नाही? बुलढाणा मराठी जिल्हा, हे खरे. पण मेहकर-लोणारकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत, त्यांच्या घरात बंजारी. जनगणनेच्या तक्त्यात बंजारी आणि लमाणी हिंदीच्या खाली बेरजेत जातात. म्हणजे घाटावरचा तांडेकरी, ज्याने हिंदी मुलूख पाहिला नसेल, तोही कागदावर हिंदी! मलकापूर-खामगावात उर्दू बोलणारे कामगार आहेत. आणि सातपुड्याच्या पायथ्याला जामोदच्या बाजूला निहाल लोक आहेत. त्यांची निहाली भाषा अशी की पंडितांना तिचे नाते जगातल्या कुठल्याच भाषेशी पक्के जोडता आले नाही. बोलणारे थोडे हजार. आणि दहा हजारांहून कमी बोलणारे असले की छापील तक्त्यात त्या भाषेचे नावच येत नाही, ती ‘इतर’ मध्ये जाते.

‘इतर’ म्हणजे काय, हे बदली कामगाराला विचारा. मस्टरवर नाव नाही त्याला पगार नाही. तक्त्यात नाव नाही त्या भाषेला शाळा नाही.

कागदाच्या भाषेचा पोटाशी संबंध असतो. एका गिरणीत माझ्या हातात इंग्रजी चार्जशीट दिली नि म्हणाले, सही कर. मी म्हणालो, आधी मराठीत वाचून दाखवा. वाचल्यावर कळले, न केलेली चूक मी कबूल करीत होतो! त्या दिवशी युनियन पाठीशी होती म्हणून वाचलो. निहाल बाईला वनखात्याच्या कागदावर अंगठा मागतील, तेव्हा तिच्या पाठीशी कोण? तिला मराठी कागदही तसाच, मला इंग्रजी होता तसा.

घटना आपल्या बाजूने आहे. ३५० व्या कलमाने राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ सालीच घातलेले ३५०-अ कलम सांगते की अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी. बुऱ्हाणपूरच्या मराठी पोरासाठी आपण हे कलम दाखवणार असू, तर लोणारच्या तांड्यावरच्या पोरासाठीही दाखवले पाहिजे. एका हाताने मागायचे नि दुसऱ्या हाताने अडवायचे, हा मालकाचा धर्म आहे, कामगाराचा नव्हे.

तेव्हा काम काय? २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबाने जाहीर झाली आहे. मोजणारा दारात आला की मातृभाषा स्वतः सांगा, काय लिहिले ते वाचून घ्या. गावी निरोप धाडा. तांड्यावर, पाड्यावर, मोहल्ल्यात सांगा: घरात जी बोलता तीच सांगा, लाजू नका. शेजारच्याने दुसरी भाषा सांगितली म्हणून मराठी कमी होत नाही. खोट्या बेरजेवर उभे केलेले राज्य मात्र टिकत नाही, हे द्विभाषिकाने दाखवले आहे. ते साडेतीन वर्षांत मोडले!

आणि एवढ्याने सर्व झाले असेही समजू नका. मराठीत लिहिलेली कर्जाची नोटीस ही नोटीसच असते. पण ती वाचता आली तर तिच्याशी भांडता येते. भांडायला भाषा लागते, म्हणून हा लढा.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!