बिनब्रेकची शर्यत

स्पीडवे हें नांव आपल्यापैकीं फार थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. मोटारसायकलींची शर्यत एवढेंच सांगितलें, तर डांबरी रस्ता, वळणागणिक बदलणारे गिअर आणि तासन्‌तास चालणारी दौड असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहील. या खेळांत त्यांतलें कांहींच नाहीं. लंबवर्तुळाकार मातीचा मार्ग, त्यावर चार स्वार, चार फेऱ्या आणि सुमारें एका मिनिटांत निकाल! पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. गेलीं पन्नास वर्षें मी या खेळाचा चाहता आहें. तेव्हां आजच्या भाषणांत थोडी माहिती, थोड्या आठवणी आणि आपली परवानगी असेल तर थोडीं मतेंही सांगणार आहें.

वाहनापासून आरंभ करूं. एकाच सिलिंडरचें ५०० सी. सी. चें इंजिन, इंधन मेथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक मुळींच नाहीं. ही शेवटची गोष्ट ऐकून नवा मनुष्य दचकतो. परंतु विचार केला म्हणजे तींतील शहाणपण ध्यानांत येतें. चौघे जण एकमेकांपासून हातभर अंतरावर धांवत असतां पुढच्यानें अचानक ब्रेक दाबला, तर मागच्यांची काय गत होईल? कोणालाच ब्रेक नाहीं, म्हणूनच प्रत्येकाला शेजाऱ्याच्या वेगाचा भरंवसा धरतां येतो.

मार्ग नेहमीं डावीकडे वळतो. वळण आलें कीं स्वार डावा पाय खालीं टेकतो. त्या बुटाला पोलादी तळ बसविलेला असतो. मागलें चाक जोरानें फिरत बाहेरच्या अंगास घसरूं लागतें आणि पुढलें चाक मात्र उजवीकडे रोखलेलें असतें. डावीकडे जावयाचें आणि चाक उजवीकडे धरावयाचें, हीच या खेळाची सारी विद्या. नवशिका भ्याला कीं थ्रॉटल सोडतो; आणि तो सोडतांच मागलें चाक जमीन घट्ट धरतें व गाडी कठड्याकडे झेंप घेते. ज्या संकटाला भिऊन हात आखडावा, तेंच संकट आखडलेल्या हातानें ओढवतें.

या खेळाचा इतिहास १५ डिसेंबर १९२३ पासून सांगण्याची प्रथा आहे. त्या दिवशीं ऑस्ट्रेलियांतील वेस्ट मेटलंड येथें जॉनी हॉस्किन्स यांनीं शर्यती भरविल्या. मातीच्या मार्गांवर मोटारसायकली त्याआधींही धांवत होत्या, त्यामुळें जनकत्वाचा वाद आहेच. १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं लंडनजवळच्या हाय बीच येथें एका मद्यगृहाच्या पाठीमागें सामने झाले. सुमारें तीस हजार माणसें लोटलीं होतीं असें सांगतात. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत संघांच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या. आयर्लंडची फे टेलर ही त्या काळांत पुरुषांच्या बरोबरीनें धांवत असे. परंतु १९३० मध्यें ब्रिटनमधील स्पर्धा स्त्रियांना बंद करण्यांत आल्या. जेथें बळापेक्षां तोल मोलाचा, त्या खेळाचें त्यामुळें मोठें नुकसान झालें, असें माझें स्पष्ट मत आहे.

मी १९७४ सालीं शिक्षणासाठीं मँचेस्टरला गेलों. बेल व्ह्यू नांवाच्या भागांत प्राणिसंग्रहालय, करमणुकीची बाग आणि हाइड रोडचें स्पीडवे मैदान हीं एकमेकांना लागूनच होतीं. ४१८ यार्डांचा तो मार्ग रुंद व वेगवान असून तेथें शनिवारीं संध्याकाळीं सामने होत. पहिल्या दिवशीं लक्षांत राहिला तो वास. इंजिनांत एरंडेलापासून केलेलें वंगण वापरीत आणि त्याचा गोडसर धूर सर्वत्र पसरे. लहानपणीं एरंडेलाचें नांव काढतांच पळत सुटणारा मी तो वास छाती भरून घेऊं लागलों! वळणाजवळ उभें राहिलें तर मातीचा मारा थेट अंगावर येई, आणि घरीं परततांना कोटाच्या खिशांतूनही माती निघे.

माझ्या शेजारीं एक वृद्ध गिरणीकामगार उभे राहत. मी मुंबईच्या गिरणगांवांतला, तेव्हां भोंगे आणि पाळ्या या विषयांवर आमचें लवकर जमलें. प्रत्येक शर्यतीचा निकाल छापील कार्यक्रमपत्रिकेंत पेन्सिलीनें टिपण्याची रीत त्यांनीं मला शिकविली. जिंकणाऱ्याकडे कोणीही पाहतो, पण मागें वळून पाहणाऱ्याकडे पाहावें, असें त्यांचें सांगणें असे. त्याचा अर्थ मला पुढें उमगला. संघांच्या सामन्यांत प्रत्येक शर्यतींत दोन्ही बाजूंचे दोन दोन स्वार असतात. पुढें गेलेला कसलेला स्वार क्षणभर मान वळवून पाहतो, मुद्दाम वेग थोडा आवरतो, आणि आपल्या जोडीदाराला शेजारीं घेऊन मागच्या दोघांची वाट अडवितो. पहिला व दुसरा मिळून पांच गुण, प्रतिपक्षाला एक. एकट्याच्या वेगाचा मोह आवरून दुसऱ्याला बरोबर नेणारी ही कला या खेळांतील सर्वांत सुंदर गोष्ट होय. याच मैदानाचा पीटर कॉलिन्स १९७६ सालीं जगज्जेता झाला. त्या यशापेक्षांही जोडीदारासाठीं थांबणारे त्याचे सहकारी मला अधिक स्पष्ट आठवतात.

आतां धोक्याविषयीं. आपल्याकडच्या जत्रांतून 'मौत का कुआँ' आपण पाहिला असेल. तेथें आपण तिकीट काढतों तें भीतीचें. स्पीडवेची गोडीही तशीच भीतींत आहे असें कांहीं लोक म्हणतात. मला तें मान्य नाहीं. बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन १९५५ व १९६२ अशा दोन वर्षीं जगज्जेता झाला होता. सप्टेंबर १९६३ मध्यें एडिंबरो येथें पुढें पडलेल्या स्वाराला वांचवितांना तो कठड्यावर आदळला व थोड्याच दिवसांत मरण पावला. मी मँचेस्टरला गेलों तेव्हां या गोष्टीला अकरा वर्षें लोटलीं होतीं, तरी त्याचें नांव निघालें कीं जुने प्रेक्षक गप्प होत. त्या शांततेंत रोमांच नव्हता, शोक होता. पुढें अनेक मैदानांवर हवा भरलेले मऊ कठडे आले. त्यांनीं खेळ मिळमिळीत झाला अशी तक्रार मीं ऐकली आहे. ज्यांच्या घरचें कोणी त्या मार्गावर उतरत नाहीं, त्यांनाच ती सुचते. २०१५ सालीं पोलंडांतील झेलोना गूरा येथें डार्सी वॉर्ड या तरुण ऑस्ट्रेलियन स्वाराला अपघात होऊन तो कायमचा अपंग झाला. सुरक्षिततेचें काम संपलें असें कोणीं समजूं नये.

दुसरा वाद जगज्जेतेपदाचा. १९३६ सालीं वेम्बली येथें पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. ब्लूई विल्किन्सननें त्या रात्रीं आपल्या पांचही शर्यती जिंकल्या; परंतु आधींच्या फेऱ्यांतील गुण मिळविले जात असल्यानें विजेता ठरला लायोनेल व्हॅन प्राग. विल्किन्सनला तो मान १९३८ सालीं लाभला. पुढें एकाच रात्रीच्या गुणांवर निर्णय होऊं लागला. १९७३ सालीं पोलंडांतील खोझूव येथें येर्झी श्चाकेल व न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर यांचे गुण सारखे झाले. निर्णायक शर्यतींत मॉगर पडला आणि श्चाकेल हा पोलंडचा पहिला जगज्जेता ठरला. मॉगरनें हें पद एकंदर सहा वेळां मिळविलें, श्चाकेलनें एकदांच. १९९५ पासून वर्षभरांतील अनेक स्पर्धांच्या बेरजेवर पद ठरतें. पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकनें २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत तें पांच वेळां पटकावलें. नवी पद्धत अधिक न्याय्य आहे हें मी निःसंशय कबूल करतों. तथापि एका रात्रीच्या पद्धतींत सामान्य स्वारालाही आभाळ ठेंगणें होण्याची जी संधि होती, ती या न्यायासाठीं आपण मोजलेली किंमत आहे.

मला खरी चिंता वाटते ती मैदानांची. हाइड रोडचें मैदान १९८७ सालीं बंद झालें. कॉव्हेंट्री व वुल्व्हरहॅम्प्टन येथील जुनीं मैदानेंही अलीकडच्या वर्षांत या खेळाला मुकलीं. आठवड्यांतून एका संध्याकाळीं भरणारें मैदान आणि शहराची वाढती जमीनकिंमत यांच्या झगड्यांत कोण हरतो, हें मुंबईकराला समजावून सांगावयास नको; आमच्या गिरण्यांच्या जागा आम्हीं पाहिल्या आहेत. मैदानाबरोबर मुलांना शिकण्याची जागा जाते, आणि तिसऱ्या पिढीचा प्रेक्षक घरीं बसतो. तरीही बेल व्ह्यू येथेंच २०१६ सालीं नवें राष्ट्रीय स्पीडवे मैदान उभें राहिलें, आणि पोलंडांत तर गांवेंच्या गांवें या खेळासाठीं लोटतात. म्हणून मी निराश नाहीं.

श्रोतेहो, आपलीं मुलेंबाळें आज परदेशीं असतात. आपलें जाणेंयेणें घडतें. मँचेस्टरला किंवा पोलंडला एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली तर हा खेळ अवश्य पाहा. वळणापासून थोडें दूर उभे राहा, पहिल्यापेक्षां दुसऱ्याकडे व तिसऱ्याकडे अधिक लक्ष द्या, आणि जातांना खिशांत एक पेन्सिल असूं द्या.